वेंबान्यामाचे लांबचे शॉट स्पर्सला परवडतात का? शॉट चार्टचं गणित

भाऊबीजेच्या सकाळी, म्हणजे 23 ऑक्टोबर 2025 ला, इथे पारोळ्यात घरात ओवाळणीची गडबड चालू होती आणि मी मोबाईलवर एनबीएचा सामना बघत होतो. सॅन अँटोनियो स्पर्सने डॅलस मॅव्हरिक्सला 125-92 असं धुतलं. व्हिक्टर वेंबान्यामाने 21 पैकी 15 शॉट बास्केटमध्ये टाकले, एकूण 40 पॉइंट्स. पण मला जास्त आनंद झाला तो शॉटच्या जागा बघून. बरेचसे रिंगजवळून होते.

यात एवढं काय? वेंबान्यामा सेंटर आहे, उंची 7 फूट 4 इंच. एवढा उंच गडी रिंगखाली उभा राहिला तर त्याला अडवणार कोण? तरीही 2024-25 च्या सीझनमध्ये तो दर सामन्यात 8.8 थ्री-पॉइंटर मारत होता. त्याच्या एकूण शॉट्सपैकी जवळपास निम्मे. त्यातले 35.2 टक्के आत गेले.

आता कॅल्क्युलेटर काढा. 35.2 टक्के गुणिले 3, म्हणजे एका शॉटमागे सरासरी 1.06 पॉइंट. जवळून दोनच पॉइंट मिळतात, पण 53 टक्के शॉट गेले तरी हिशोब बरोबरीत येतो. रिंगजवळ त्याच्यासारख्याने 70 टक्के मारले असं धरू (हा माझा अंदाज), तर 1.4 पॉइंट. शिवाय आत फाउल जास्त होतात. फ्री थ्रो त्या सीझनमध्ये तो 83.6 टक्के मारत होता, म्हणजे दोन फ्री थ्रो मिळाले की सरासरी 1.67.

हे सगळं आपल्याला कळतं ते शॉट चार्टमुळे. कोर्टच्या नकाशावर जिथून शॉट मारला तिथे खूण. एनबीएच्या वेबसाइटवर हा चार्ट फुकट बघता येतो. 2023-24 पासून खेळाडूंच्या हालचाली टिपायला एनबीए हॉक-आय वापरते. हो, आपल्या क्रिकेटच्या डीआरएसमधलं तेच हॉक-आय! छताजवळचे कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे 29 बिंदू टिपत राहतात.

आता मुद्द्याचं. 2019 नंतर 2025 पर्यंत स्पर्स एकदाही प्लेऑफमध्ये गेली नव्हती. 2024-25 च्या सीझनला 82 पैकी 34 सामने जिंकून ती वेस्टमध्ये तेरावी आली. दहाव्या क्रमांकापर्यंत प्ले-इनची संधी मिळते, आणि दहाव्या आलेल्या डॅलसचे विजय होते 39. फरक फक्त पाचचा. वेंबान्यामाने सामन्यामागे तीन थ्री-पॉइंटर सोडून तेच शॉट आतून मारले, तर वरच्या हिशोबाने टीमला दर सामन्यात एक पॉइंट जास्त मिळतो. दिसायला किरकोळ, पण सरासरीत एक पॉइंटची आघाडी वाढली की पूर्ण सीझनमध्ये साधारण अडीच विजय वाढतात, असा आकडेवारीवाल्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे निम्मी दरी तिथेच भरते.

अर्थात, 2024-25 च्या सीझनचं खरं दुखणं वेगळं होतं. खांद्यात रक्ताची गाठ झाल्यामुळे फेब्रुवारीत त्याचा सीझन संपला, तो फक्त 46 सामने खेळला. आणि इथेच माझ्या गणिताला धक्का बसतो. आत शिरायचं म्हणजे धक्के, कोपर, आपटणं, आणि त्याचा बांधा काही पैलवानाचा नाही.

दुसरी गोष्ट चार्टवर दिसतच नाही. तो बाहेर उभा राहिला की समोरच्या टीमचा उंच गडीही त्याच्यामागे बाहेर येतो, मग डी'ॲरन फॉक्सला आत घुसायला मोकळी वाट मिळते. तो शॉट चार्टवर फॉक्सच्या नावावर लागतो.

म्हणून थ्री-पॉइंटर बंदच करावेत असं मी म्हणत नाही. समोरचा लांब उभा असेल तेव्हा मारावाच. मला खटकतो तो शॉट क्लॉकवर भरपूर वेळ शिल्लक असताना, डोक्यावर हात असताना मारलेला. पहिले पंधरा सामने होऊ द्या, मग चार्ट उघडा. मी तर फक्त 8.8 चा आकडा सहाच्या खाली येतो का, एवढंच बघणार आहे.