अंदाजे वय

पोस्ट लांब झाली आहे. पण घरात कुणी कॉलरीत कामाला असेल तर शेवटपर्यंत वाचा, मग काय ते बोला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कॉलरीच्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि फॉर्म भरायचं दुकान आहे. मागच्या महिन्यात क्वार्टरच्या लाईनीतल्या एक अक्का आल्या. मूळच्या करीमनगरकडच्या. नवरा भूमिगत खाणीत होता, सहा महिन्यांपूर्वी आजारानं गेला. त्यांनी काउंटरवर प्लास्टिकची पिशवी उलटी केली आणि म्हणाल्या, "अन्ना, देखो इसमें मेरी उमर कितनी है."

तीन कागद, तीन वयं. आधारवर १ जानेवारी (जन्मतारीख माहीत नसलेल्या अर्ध्या देशाचा वाढदिवस १ जानेवारीलाच असतो). रेशनकार्डावर वेगळं. आणि नवऱ्याच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये तिसरंच. २५ वर्षांपूर्वी बाबूनं विचारलं असेल, बायकोचं वय? नवरा म्हणाला असेल, लिहा बावीस. त्या हिशेबानं अक्का आज ४७ वर्षांच्या. अक्का म्हणतात, तेव्हा मी सतरा-अठराची होते.

चार वर्षांच्या फरकानं काय होतं? सांगतो. राष्ट्रीय कोळसा वेतन करारात आश्रितांसाठी कलमं आहेत. कामगार खाणीतल्या अपघातात गेला तर त्याच्या बायकोला नोकरी किंवा दरमहा रक्कम यातलं एक निवडता येतं, वय कितीही असो. पण मृत्यू दुसऱ्या कारणानं झाला, तर ही निवड ४५च्या आतल्या बाईलाच. त्यापुढे फक्त दरमहा रक्कम. मुलगा १२ वर्षांच्या वर असेल तर त्याचं नाव रोस्टरवर ठेवतात, १८ पूर्ण झाल्यावर त्याला नोकरी. तोवर आईला पैसे. मुलगा लागला की आईचे पैसे बंद.

अक्कांचा मुलगा १५चा आहे, दहावीत. कागदाप्रमाणे गेलं तर तीन वर्षांनी तो खदानीत. अक्कांचं म्हणणं एवढंच, की मला नोकरी द्या, ऑफिसात झाडू मारीन, पाणी भरीन, पण पोराला शिकू द्या. गावाहून आलेले दीर मात्र रोज समजावतात, पोराचं नाव टाक, घरात पगार येईल. बाईमाणूस कुठं ड्यूटी करणार?

बाईमाणसानं इतकी वर्षं काय केलं, ते या रस्त्यावर बसून मी पाहिलंय. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे चारला चूल. सेकंडला रात्री बाराला पुन्हा जेवण गरम. नाईट असली की दिवसभर पोरांना गप्प ठेवायचं, कारण आत माणूस झोपलाय. कामाचे कपडे वेगळे धुवायचे, ते पाणी तिसऱ्यांदा बदललं तरी काळंच. पापड वाळत घातले तर वर कोळशाची धूळ. घरात तेलुगू, लाईनीत हिंदी, भाजीबाजारात मराठी. तिन्ही भाषा येतात, पण एकीतही सही येत नाही, अंगठाच. १९५२च्या खाण कायद्यानं बायकांना भूमिगत खाणीत काम करायला मनाई केली, ती अटींवर उठली २०१९मध्ये. खदानीत पाऊल टाकायची बंदी, पण सगळं आयुष्य खदानीच्या शिफ्टवर.

युनियनमधल्या एका भाऊंशी बोललो. ते म्हणाले, मुलाला ३५ची अट आहे, बायकांना ४५ म्हणजे सवलतच की! बरोबर आहे भाऊ. ४५ असावं की ५०, यावर वाद घाला, मीही घालीन. पण आधी हे सांगा, की ते वय लिहिलं कुणी? तिला विचारलं होतं का? एका अंदाजावर पोराचं शिक्षण थांबतंय.

आणि हे झालं कायम कामगाराच्या बायकोचं. ओबी काढायचं, कोळसा वाहायचं काम आता बरंचसं ठेकेदारांकडे आहे. त्यावर छत्तीसगड, बिहार, यूपीकडची पोरं आहेत, बायका टिनाच्या भाड्याच्या खोल्यांत. त्यांना या कराराची आश्रित-नोकरी नाही. कामावर अपघात झाला तर भरपाईचा कायदा आहे, पीएफ आहे. पण तेही वारसाच्या रकान्यात बायकोचं नाव नीट लिहिलं असेल तर सरळ मिळणार. माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांच्या त्या रकान्यात अजून गावाकडच्या आईचं नाव आहे. लग्न होऊन आठ-दहा वर्षं झाली तरी!

आता खाली कमेंट येणारच, "परप्रांतीयांची एवढी काळजी कशाला? आमच्या पोरांना नोकऱ्या नाहीत." नोकऱ्यांचा प्रश्न खराच आहे, माझाही पुतण्या घरी बसून आहे. पण अक्कांच्या मुलाचा जन्म इथला, शाळा मराठी. आणि करीमनगर परकं म्हणायचं तर आपला राजुरा तालुकासुद्धा १९५६पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. ज्यांची शेती खाणीत गेली त्या आपल्या गावच्या बायकांना विचारा. सातबारावर नाव नव्हतं म्हणून सही कुणाची चालली आणि नोकरी कुणाला लागली, ते त्या सांगतील.

तेव्हा माझं म्हणणं असं. जे आज ड्यूटीवर आहेत त्यांनी या आठवड्यात ऑफिसात जाऊन सर्व्हिस रेकॉर्ड बघावं. बायकोचं नाव, जन्मतारीख, फोटो, पीएफचा वारस. चूक असेल तर आत्ताच अर्ज द्या आणि पोच घ्या. माणूस गेल्यावर केलेल्या दुरुस्तीवर कुणी विश्वास ठेवत नाही. युनियनवाल्यांनी गेट मीटिंगमध्ये हे तेलुगू आणि हिंदीत सांगावं, आणि बायकांना बोलावून सांगावं. लाईनीतल्या बतुकम्माला सगळ्या जमतातच, तिथं अर्धा तास मागा.

अक्कांच्या थोरल्या भावाचा शाळेचा दाखला गावाहून मागवलाय. तो त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. त्यावरून वय सिद्ध होतं का, बघू. अर्ज मी लिहून दिलाय, फाईल एरिया ऑफिसात आहे. रविवारी दुकान दुपारपर्यंत उघडं ठेवतो. कागद घेऊन या, वारसाचा फॉर्म भरून देईन, पैसे घेणार नाही. येताना बायकोला सोबत आणा.