‘मराठी डोकं’ म्हणून टाळ्या वाजवण्याआधी

थोडं लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात पुतण्यानं व्हिडिओ पाठवला. ट्रॅक्टरला पुढं लोडर, लोडरच्या बकेटच्या ओठाला घरी केलेले दोन लोखंडी फोर्क, त्यावर निलगिरीचे ओंडके, आणि दोन हातांवर उघड्या पायांनी उभा असलेला एक पोरगा. खाली लिहिलेलं : ‘मराठी डोकं, दुसरं काय!’ घरातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. तर म्हणे, आण्णांना कशाचं कौतुकच नाही.

कौतुक का नाही, ते आज सांगतोच.

मी बेळगावात उद्यमबागेत ३१ वर्षं काढली. आधी फिटर, मग फॅब्रिकेशन. मूळ घर खानापूर तालुक्यात. थोरल्या काकांची लाकडाची वखार होती. लहानपणी बघितलंय, लॉरीला दोन वासे तिरके लावायचे, ओंडक्याखालून दोर घ्यायचे, वरून चौघं ओढणार, खालून दोघं पहारीनं रेटणार. कुणाचं बोट गेलं, कुणाची कंबर. त्यामुळं लोडर आला याचा मला आनंदच आहे. यंत्राच्या विरोधात मी नाही, आणि घरी बनवण्याच्या तर मुळीच नाही. माझी भाकरी त्याच्यावरच झाली.

बारा वर्षांपूर्वी चुलतभावानं जुना लोडर घेतला. मला म्हणाला, “आण्णा, बकेटला दोन फोर्क लावून दे की. ओंडकं उचलाय लई तरास व्हायलाय.” रविवार होता. लॉरीचे जुने पाटे पडलेले होते. जाड, कडक, फुकटचे. मी ते कापले, मागं चॅनल जोडला, बकेटच्या ओठाला क्लॅम्पनं आवळले. दुपारच्या जेवणाआधी काम तयार. सगळ्या वाड्यानं कौतुक केलं. मीही मिशीत हसलो.

दोन महिने झकास चाललं. मग एका सकाळी ट्रॉलीत ओंडका ठेवताना एक फोर्क जोडाजवळ कटकन तुटला. वाकला नाही, तुटला. ओंडका खाली आला तो आमच्या वखारीतल्या गड्याच्या पायावर. गल्लीतलाच माणूस, गणपतीत आमच्या पंक्तीला जेवणारा. पावलाची हाडं चुरली. आज तो लंगडतो, वखारीचं काम कायमचं सुटलं. सगळे म्हणाले, नशीब. त्यानंही मला एका शब्दानं बोललं नाही.

नशीब नव्हतं ते. वेल्डिंग माझं होतं.

पाट्याचं पोलाद कडक, कार्बन जास्त. आधी तापवून न घेता साध्या रॉडनं वेल्डिंग केलं आणि हवेत गार होऊ दिलं, की जोडाशेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. साधं लोखंड वाकून तरी इशारा देतं, हे देत नाही. मला हे ठाऊक होतं! कारखान्यात असं काम केलं असतं तर सुपरवायझरनं हाकललं असतं. पण घरचं काम म्हणून चालवून घेतलं. उद्यमबागेत आपली माणसं मायक्रॉन मोजून हायड्रॉलिकचे भाग करतात, संध्याकाळी गावाकडं आली की ‘चलतंय की!’ हे कसलं डोकं?

आता हिशोब बघा. दहा फूट लांब, सोळा इंच जाड असा निलगिरीचा ओला ओंडका पावणेचारशे किलोच्या आसपास भरतो. बकेटमधली माती पिनेपासून सव्वा-दीड फुटावर असते. ओठापुढं तीन फूट फोर्क काढला की ओंडका पिनेपासून चार फुटांवर जातो. वजन तेवढंच, पण पिनेवर आणि बकेट वळवणाऱ्या सिलिंडरवरचा पीळ जवळजवळ तिप्पट. शिवाय बकेटचा ओठ माती खरवडायला केलेला, असं लोंबतं ओझं पेलायला नव्हे. तो वाकतो, क्लॅम्प सरकतात. मागची चाकं हलकी होतात, म्हणजे ब्रेकही गेले, कारण आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक मागंच असतात.

यावर ठरलेली तीन उत्तरं येतात. पहिलं, ‘कंपनीचा फोर्क परवडत नाही.’ कबूल. मग घरीच करा, पण नीट करा. दुसरं, ‘आजवर काही झालं नाही.’ आमच्याकडंही दोन महिने झालं नव्हतं. तिसरं, ‘आपल्या लोकांना असंच जमतं.’ हे मात्र मला झोंबतं. फोर्क बनवणारा मी, मिरवणारा चुलतभाऊ, आणि पाय गेला तो रोजगारावरच्या माणसाचा. आपल्या हुशारीची किंमत दरवेळी तिसऱ्यानंच द्यायची?

नीट म्हणजे काय, तेही सांगतो. बकेट काढून तिच्याच पिनांवर फोर्कची वेगळी फ्रेम बसवा. भार मागं येतो आणि बकेटचं वजनही वाचतं. जमत नसेल तर फोर्क नुसता ओठावर लटकवू नका, बकेटच्या पाठीपर्यंत नेऊन तिथं बांधा, आणि दोन्ही फोर्क आडव्या पट्टीनं एकमेकांना जोडा. पाटे वापरू नका. मागं उभी जाळी हवीच, कारण लोडर वर गेला की गोल ओंडका त्याच्या हातांवरून गडगडत ड्रायव्हरच्या अंगावर येतो. ट्रॅक्टरच्या मागं वजन लावा. २०० लिटरचा ड्रम काँक्रीटनं भरला तर पावणेपाचशे किलो होतात. पुस्तिकेत लोडरची क्षमता लिहिलेली असते, फोर्कवर तिच्यापेक्षा बरंच कमी उचला. ओंडका जमिनीलगत ठेवून न्या. आणि उचललेल्या ओझ्याच्या पुढं किंवा खाली कुणीही उभं राहायचं नाही. घरचं पोरही नाही, रोजगारावरचा माणूसही नाही.

पुतण्याला फोन केला. म्हणाला, “आण्णा, तुम्ही लई घाबरवता.” म्हटलं, रविवारी मशीन घेऊन येतो. आधी तुझे फोर्क कापणार, मग दोघं मिळून नवे करू. जुना गडीही येईल सोबत, मी विचारलंय त्याला. जाळी कुठवर हवी ते तो सांगेल.