मधमाशी माणसाळलेली नाही

गाय, शेळी, कोंबडी यांच्या पंक्तीत मधमाशीला बसवून ‘माणसाने तिलाही माणसाळवले’ असे सर्रास लिहिले जाते. पुरावा म्हणून इजिप्तमधल्या अबू गुराबच्या सूर्यमंदिरातले, इसवी सनपूर्व २४०० च्या सुमाराचे मधकाढणीचे शिल्प दाखवतात. शिल्प खरे आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. मातीच्या नळकांड्यात मोहोळ नांदवणे वेगळे आणि प्राण्याचा स्वभाव बदलणे वेगळे. युरोपात शतकानुशतके मधासाठी टोपलीतले अख्खे मोहोळ गंधकाच्या धुराने मारीत. ही हत्या टळली ती माशी बदलली म्हणून नव्हे, माणसाला तिची रीत कळली म्हणून. सहा ते नऊ मिलिमीटरची फट माशा ये-जा करायला मोकळी ठेवतात. त्याहून अरुंद फट चिकट राळेने बुजवतात, रुंद जागेत पोळे बांधतात. १८५१ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी हे अंतर हेरून पेटीत सुट्या चौकटी बसवल्या आणि पोळे न मोडता मध मिळू लागला. शिकला तो माणूस.

यावर आक्षेप येतो की, आता निवडक पैदास होते, राणीमाशीला कृत्रिम रेतनही करतात. करतात खरे. पण राणी एरवी उडता उडता अनेक नरांशी समागम करते. तिथे मालकाचे काही चालत नाही. १९५६ मध्ये संकरासाठी ब्राझीलमध्ये आफ्रिकी राण्या आणल्या, पुढच्याच वर्षी काही मोहोळे निसटली आणि १९९० पर्यंत त्यांचा वंश टेक्सासला पोहोचला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: व्हॅरोआ गोचिडीवर औषध दिले नाही, तर युरोपीय माशीच्या बहुतेक वसाहती दोन-तीन वर्षांत मरतात, म्हणजे ती आपल्यावर अवलंबून नाही का? ही गोचीड मुळात आशियाई माशीवरची. युरोपीय माशीच्या पेट्या आशियात आणून ती तिच्या अंगावर चढवली माणसानेच. आपणच लावलेल्या रोगावर औषध देण्याला माणसाळवणे म्हणता येत नाही. शिवाय न्यूयॉर्कच्या आर्नॉट जंगलात याच जातीची रानटी मोहोळे औषधाविना तगून आहेत.

आपल्याकडेही तेच दिसते: सह्याद्रीतली सातेरी माशी फुलोरा आटला की पेटी सोडून जाते. आग्या माशी तर पेटीत राहतच नाही. म्हणून मधमाशीपालनाच्या योजनांचे यश वाटलेल्या पेट्यांवर मोजणे मला अत्यंत चुकीचे वाटते. हिरडा, जांभूळ, कारवी किती उरली, फुलोऱ्यात कीटकनाशकाची फवारणी थांबली का आणि आग्याचे पोळे जाळण्याऐवजी त्याचा फक्त मधाचा भाग कापला जातो का, हे आधी मोजले पाहिजे.