चहा उकळेपर्यंत

रहस्यकथा म्हटली की पहिल्या दहा पानांत निदान एक तरी प्रेत हवे, अशी माझी ठाम समजूत होती. तिला जबाबदार आमचे आजोबा. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांचा गठ्ठा आहे आणि झुंजार, काळापहाड ही मंडळी मला शाळेतल्या बाईंपेक्षाही आधी माहीत झाली. त्यामुळे गेल्या सुटीत अलेक्झांडर मॅक्कॉल स्मिथ यांची ‘द नंबर वन लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी’ (1998) वाचायला घेतली, तेव्हा मी अस्वस्थच झाले. पानांमागून पाने उलटली, पण खून काही होईना. चहा मात्र सारखा होत होता!

कादंबरी घडते बोत्स्वानात. म्मा प्रेशस रामोत्स्वे ही मोचुडी गावची बाई. तिचे वडील ओबेद यांनी दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत आयुष्य काढले, छातीत धूळ साठवली आणि मिळालेल्या पैशांतून गुरे जमवली. मरणशय्येवर ते मुलीला म्हणतात, गुरे विक आणि खाटकाचे दुकान वगैरे काही तरी धंदा काढ. ती सांगते, मी गुप्तहेर कचेरी काढणार. म्हातारा डोळे विस्फारून ‘पण... पण...’ म्हणतो, आणि तेवढ्यातच प्राण सोडतो. मी हसले, आणि हसल्याबद्दल मला लाजही वाटली. असे या पुस्तकात वरचेवर होते.

गाबोरोन शहराच्या कडेला, क्गाले टेकडीच्या पायथ्याशी ही कचेरी. मालमत्ता म्हणजे एक छोटी पांढरी व्हॅन, दोन टेबले, दोन खुर्च्या, टेलिफोन, जुना टाइपरायटर, एक किटली आणि तीन कप. बाईंना लठ्ठ म्हटलेले खपत नाही. आपला बांधा परंपरागत आहे, असे त्या सांगतात.

आता मूळ मुद्दा. हे पुस्तक मी आमच्या एका प्राध्यापकांना दाखवले. ते म्हणाले, “वेळ घालवायला ठीक आहे. पण ही गोड गोड आफ्रिका आहे.” त्यांचा आक्षेप निराधार नाही. लेखक गोरे. 1948 साली तेव्हाच्या दक्षिण ऱ्होडेशियातील बुलावायोत जन्मलेले आणि पुढे एडिंबरो विद्यापीठात वैद्यकीय कायद्याचे प्राध्यापक झालेले. बोत्स्वाना विद्यापीठात कायद्याचा विभाग उभा करायला 1980 च्या दशकाच्या आरंभी त्यांनी हातभार लावला, म्हणजे देश पाहिलेला आहे. पण पाहुण्याला घराची दिवाणखान्याची बाजूच अधिक दिसते, हेही खरे.

तरीही मला सरांचे म्हणणे अर्धेच पटते. या बाईंचा सौम्यपणा म्हणजे वास्तवावर घातलेली साखर नव्हे. ती त्यांची तपासाची रीत आहे. एका तरुणीच्या घरी एक म्हातारा ‘मी तुझा हरवलेला बाप’ म्हणून येऊन बसतो आणि आयते खाऊ लागतो. त्याला चौकीवर नेण्याऐवजी म्मा रामोत्स्वे परिचारिकेच्या वेशात त्याच्यापुढे उभ्या राहतात. मुलीला अपघात झाला आहे, बापाचेच रक्त हवे, तेही इतके की कदाचित तुम्ही वाचणार नाही, असे त्या सांगतात. म्हातारा तत्काळ कबूल करतो की आपण बाप नव्हे! धमकी नाही, मारहाण नाही.

या रीतीचे मूळ बोलण्यात आहे. सेत्स्वाना भाषेत पुरुषाला ‘रा’ आणि स्त्रीला ‘म्मा’ म्हटल्यावाचून वाक्य पुढे सरकत नाही. इंग्रजी वाचकाला त्याची गंमत वाटत असेल. आम्हां बेळगावकरांना ती वाटण्याचे कारण नाही. याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारी माझी मैत्रीण म्हणाली, “आमचं ‘एन्री, बर्री’ हेच की!” ‘अहो’ म्हटल्यावर समोरचा माणूस बोलू लागतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही बाई चौकशी कशी करते ते लगेच कळते.

आणि अंधार या पुस्तकात नाही, असे कोण म्हणते? नोट मोकोटी हा ट्रंपेट वाजवणारा नवरा तिला मारतो. तिचे मूल जन्मल्यावर थोड्याच दिवसांत जाते. एक शाळकरी मुलगा नाहीसा होतो आणि त्याला जादूटोण्याच्या औषधासाठी नेले असावे, या भीतीने सारे गप्प बसतात. ही भीती लेखकाने हवेतून काढलेली नाही. खुद्द मोचुडीत 1994 साली एका शाळकरी मुलीचा अशाच कारणासाठी खून झाला आणि विद्यार्थी रस्त्यावर आले होते. कादंबरीतला मुलगा मात्र जिवंत सापडतो. इथे लेखकाने जरा माया केली, असे मला वाटते. वाचताना मीही त्याच्याकडे तेच मागत होते, हा भाग वेगळा.

एड्सच्या बाबतीत मात्र मी सरांच्या जवळ जाते. ज्या काळात ही पुस्तके आली, त्या काळात या रोगाचे प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या देशांत बोत्स्वाना होता. 2002 मध्ये सरकारला मोफत औषधोपचार सुरू करावे लागले. कादंबरीमालेत मात्र त्या रोगाचे नाव जवळजवळ येतच नाही. सेक्रेटरी म्मा माकुत्सीचा भाऊ झिजत झिजत मरतो आणि कोणी शब्द उच्चारत नाही. आमच्या मावशीच्या कॅन्सरला घरात शेवटपर्यंत ‘दुखणे’च म्हणत होते, म्हणून ही मुकी सभ्यता मला ओळखीची वाटली. पण ओळखीची म्हणून ती बरोबर ठरत नाही. मावशीला काय झाले आहे, हे तिला सोडून सगळ्यांना माहीत होते.

म्हणूनच या पुस्तकाशेजारी मला बेसी हेड हवी आहे. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली ही लेखिका 1964 साली बोत्स्वानात आली आणि 1986 मध्ये मरेपर्यंत सेरोवे गावी राहिली. तिच्या ‘मारू’ (1971) या कादंबरीत बासारवा जमातीची एक शिकलेली मुलगी शिक्षिका म्हणून येते, आणि तिची जात कळताच गाव कसे बदलते ते दिसते. तिथे कोणी कोणाला चहा विचारत नाही.

‘मारू’ आमच्या ग्रंथालयात नाही. मागणीच्या वहीत मी नाव लिहिले, त्याला दोन महिने झाले. ग्रंथपाल काका म्हणाले, “रहस्यकथा आहे का? मग लवकर येईल.” मी ‘होय’ म्हणून आले आहे.