राघूंच्या वसाहतीला जबाबदार कोण?

लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये सायंकाळी हिरव्या पोपटांचे थवे कलकलाट करीत उतरतात. आपल्याकडे पेरूच्या बागेत दिसणारा, गळ्याभोवती गुलाबी कंठ असलेला हाच तो राघू. ब्रिटनमध्ये त्याच्या वन्य विणीची पहिली नोंद १९६९मध्ये झाली. आज तेथे त्याच्या सुमारे १२ हजार जोड्या असल्याचा अंदाज आहे.

हे पक्षी आले कोठून, याविषयी लंडनकर चवीने आख्यायिका सांगतात. कोणी गायक जिमी हेंड्रिक्सला दोष देतो, तर कोणी ‘द आफ्रिकन क्वीन’च्या चित्रीकरणाला. गुन्ह्यांच्या तपासातील नकाशा-पद्धत वापरून लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी २०१९मध्ये या कथा निकालात काढल्या. ठिकठिकाणी निसटलेल्या आणि कंटाळून वा रोगाच्या भीतीने सोडून दिलेल्या पाळीव पक्ष्यांतूनच ही प्रजा वाढली, असे त्यांचे म्हणणे. ब्रुसेल्समध्ये तर १९७४ साली एका उद्यानातून सुमारे ४० पोपट मुद्दामच सोडण्यात आले होते!

युरोपातील राघूंचे मूळ प्रामुख्याने भारत-पाकिस्तानच्या उत्तर भागात असल्याचे जनुकीय अभ्यासातून दिसले आहे. हिमालयाच्या पायथ्याची थंडी सोसणाऱ्या पक्ष्याला लंडनचा हिवाळा फारसा जड जात नाही. शिवाय परसातील दाण्यांची रेलचेल आणि जुन्या वृक्षांच्या ढोल्या आहेतच.

खरा तंटा आहे तो या ढोल्यांवरून. राघू वर्षाच्या प्रारंभीच ढोली बळकावतो. स्थानिक पक्षी मागाहून येतात. बेल्जियममध्ये नटहॅच या चिमुकल्या पक्ष्याला त्याची झळ बसल्याचे आढळले, ब्रिटनमधील पाहणीत मात्र तसा ठोस परिणाम दिसला नाही. स्पेनमधील सेव्हिल येथील चित्र अधिक गंभीर आहे. तेथील एका उद्यानात १४ वर्षांत राघूंची संख्या २० पटींनी वाढली आणि ग्रेटर नॉक्ट्यूल या दुर्मीळ वटवाघळांचा वावर असलेली झाडे ८१ टक्क्यांनी घटली. राघू चोचीने हल्ला करून वटवाघळांना हुसकावतात, प्रसंगी ठारही करतात, असे २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे.

उपाय लवकर केला तरच साधतो. सेशेल्सच्या माहे बेटावर पाचशेहून अधिक राघू टिपून २०१७पर्यंत त्यांचा पूर्ण नायनाट करण्यात आला. तेथील दुर्मीळ काळा पोपट वाचविणे, हा त्यामागील हेतू होता. हजारोंच्या थव्यांपुढे लंडनला हे शक्य नाही आणि लोकमतही ते सहन करणार नाही. माद्रिदने मंक पोपटांची संख्या घटविण्याचा निर्णय जाहीर करताच प्राणिप्रेमींनी विरोध केला होता.

भारताने १९९०-९१मध्ये देशी पक्ष्यांचा व्यापार बंद केला. राघू पिंजऱ्यात ठेवणे आज येथे गुन्हा आहे, तरी चाळींच्या गॅलऱ्यांतून ‘मिठू मिठू’ ऐकू येतेच. युरोपीय संघाने वन्य पक्ष्यांची आयात कायमची रोखली ती २००७मध्ये, म्हणजे थवे स्थिरावल्यावर. ब्रिटनमध्ये राघू मोकळा सोडण्यास कायद्याने मनाई आहे. पिंजऱ्यात पैदास केलेला राघू विकत घेण्यास मात्र नाही.