एका दगडाच्या दोन बाजू

पुण्याहून मुंबईला निघालेल्या माणसाला मैलाचा दगड एक आकडा दाखवतो आणि मुंबईहून पुण्याला निघालेल्याला दुसरा. दगड तोच, पण बाजू वेगळी. इतिहासातले मैलाचे दगडही असेच असतात, असे मला नेहमी वाटते. पुरावा हवा असेल तर वाचकांनी आपल्या नौदलाची वंशावळ उघडून पाहावी.

ही वंशावळ ५ सप्टेंबर १६१२ पासून सांगतात. त्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीची लढाऊ जहाजे सुरतेजवळ सुवाळीला आली. पुढे कंपनीने मुख्य ठाणे मुंबईला हलवले आणि या दलाचे नाव पडले ‘बॉम्बे मरीन’. मग नावांची रांगच लागली. १८३० साली ‘इंडियन नेव्ही’, १८६३ साली पुन्हा ‘बॉम्बे मरीन’, १८७७ साली ‘हर मॅजेस्टीज इंडियन मरीन’, १८९२ साली ‘रॉयल इंडियन मरीन’ आणि १९३४ साली ‘रॉयल इंडियन नेव्ही’. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलते, तेही एकदाच!

या वाटेवरचा एक दगड मात्र मला पुढे जाऊ देत नाही. साल १७५५. बॉम्बे मरीनचा कमोडोर विल्यम जेम्स याने तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग तोफा डागून पाडला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले आणि आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून गेले. मरीनच्या इतिहासात ही सोन्याची पाने. जेम्सच्या पश्चात त्याच्या पत्नीने १७८४ साली लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ एक तिकोनी मनोरा बांधला. तो आजही उभा आहे आणि त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग’. आपल्या सुवर्णदुर्गाचे हे विलायती बारसे!

दगडाची आपल्याकडची बाजू वाचायला जड जाते. कारण दोन्ही मोहिमांत नानासाहेब पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने होती. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता, हे खरे. पण घरातले भांडण मिटवायला शेजाऱ्याला बोलावले आणि त्याने घरच पेटवून दिले, असा तो प्रकार झाला. शिवछत्रपतींनी उभ्या केलेल्या आणि कान्होजींनी वाढवलेल्या आरमाराचा कणाच त्या आगीत मोडला.

दुसऱ्या बाजूवर आपली अक्षरे उमटायला पुढे १९० वर्षे जावी लागली. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या केंद्रातले खलाशी निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांविरुद्ध उठले. २१ तारखेला कोटातल्या कॅसल बराकींवर गोळीबार झाला. मुंबईकर त्या उपाशी पोरांसाठी खाण्याच्या वस्तू घेऊन गेटवेपाशी गेले. कंपनीचे जुने दल आपले झाले ते कागदोपत्री पुढे, पण मनाने, मला वाटते, त्याच दिवशी.

मग २६ जानेवारी १९५० रोजी ‘रॉयल’ गळाले. १९५८ साली व्हाइस अ‍ॅडमिरल कटारी हे पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. २०२२ साली नौदलाच्या ध्वजावरून सेंट जॉर्जचा क्रूस उतरला आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन चढला. पण माझा आवडता दगड यांच्यामधला, १९५१ सालचा आहे. मुंबईच्या जुन्या किल्ल्यातल्या नौदलाच्या ठाण्याला तोवर डलहौसीचे नाव होते. ते बदलून ‘आंग्रे’ ठेवले. ज्या किल्ल्यातून कंपनीने आंग्र्यांशी वैर चालवले, त्याच किल्ल्यावर आंग्र्यांचे नाव!

म्हणून १६१२ चा दगड उपटून टाकावा, असे मी म्हणणार नाही. तो असू द्यावा. फक्त दोन्हीकडून वाचावा.

यंदा अंगणात किंवा गॅलरीत मुले दिवाळीचा किल्ला करतील, तेव्हा त्यांना एखादा जलदुर्ग करायला सांगा. परातीत पाणी, मध्ये सुवर्णदुर्ग, भोवती कागदी होड्या. ‘बाबा, यातल्या शत्रूच्या कोणत्या?’ असे मुलांनी विचारलेच, तर उत्तर अर्धे देऊ नका. इंग्रजांच्या होड्या दाखवाच. पण किनाऱ्यावर, परातीच्या काठाशी, आपल्याच माणसांची छावणी होती, हेही त्यांना सांगा.