भिंग पहिल्या पानावर हवं

चार वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातल्या रविवारच्या संगणक वर्गासाठी मी एक पुस्तिका केली. भरपूर स्क्रीनशॉट घातले, पीडीएफ केली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. वाहवाही झाली. मामू दोन रविवार आले. आयुष्यभर शिवणकाम केलेला माणूस, मधुमेहाने नजर अधू झालेली. तिसऱ्या रविवारी ते आले नाहीत, म्हणून मी घरी गेलो. म्हणाले, "बेटा, चित्र आहे एवढं कळतं. चित्रात काय आहे ते दिसत नाही."

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला काँट्रास्ट किमान ४.५ला १ असावा, हा नियम मी नोकरीत रोज तपासतो. मामूंसाठी लिहिताना मात्र फिक्या राखाडी पट्टीवर पांढरी अक्षरं टाकली होती!

मग नवशिक्यांसाठीची इतर मराठी पुस्तकं चाळली. सगळीकडे तेच: "चित्रात दाखवल्याप्रमाणे", "कोपऱ्यातल्या लाल फुलीवर क्लिक करा". ऑल्ट आणि एफ-४ दाबलं तरी विंडो बंद होते, फुली शोधावी लागत नाही. विंडोजचं बटण धरून प्लस दाबलं की भिंग उघडतं, एस्केप दाबलं की बंद होतं. ही माहिती असलीच तर शेवटच्या प्रकरणात, 'इतर सुविधा' म्हणून. ज्याला तिची गरज आहे, तो भिंगाशिवाय तिथवर पोचणार कसा?

ज्यांना मोठं अक्षरही दिसत नाही, त्यांच्यासाठी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने तो २००६ साली सुरू केला. पण आपली पुस्तकं त्यालाही दाद देत नाहीत. युनिकोडच्या आधीच्या फाँटमधली मराठी फाइल कागदावर सुरेख दिसते, स्क्रीन रीडरच्या वाट्याला मात्र निरर्थक इंग्रजी अक्षरं येतात. उर्दूचं दुखणं वेगळं नाही. इनपेजमध्ये लावलेली पानं कितीदा तरी नुसतं चित्र म्हणून फिरतात, आणि चित्रातला मजकूर त्याला वाचता येत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण मोहल्ल्यात, मदरशात, वाचनालयात असे वर्ग घेता. पुस्तिकेचं पहिलं पान भिंगासाठी ठेवा. प्रत्येक कृती शब्दांत आणि बटणांच्या नावांनी लिहा, चित्र सोबत असू द्या. हे उपकार म्हणून करायचं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीची गणना आहे. आणि मोतीबिंदू, मधुमेह कुणाच्या घरात नाहीत?

माझी पीडीएफ मी टाकून दिली. मोठी केली की तिच्या ओळी पडद्याबाहेर जायच्या. साध्या वेब पानावर कंट्रोल आणि प्लस दाबत राहिलं की अक्षर वाढतं आणि ओळी पडद्यात मावतात. मामू आता ते तीनशे टक्क्यांवर वाचतात. पासवर्डच्या चौकटीत मात्र नुसते ठिपके येतात, तिथे अजून मला हाक मारतात.